नोड बंद कधी करायचा? एका सुंदर पेपरशी माझं भांडण

संध्याकाळी सातला लॅबमधून निघताना क्लस्टरची स्थिती बघायची ही माझी जुनी सवय. गेल्या पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी पाहिलं तर सोळापैकी अकरा नोड्सपुढे स्लर्म ती छोटी नागमोडी खूण दाखवत होता. त्या खुणेचा अर्थ नोड वीज वाचवायला बंद केलाय. मला बरं वाटलं, कारण धोरण मी लिहिलेलं होतं. तेवढ्यात मागून एका ज्युनियरने विचारलं, "ताई, माझा जॉब चाळीस मिनिटं अडकलाय. नोड तर रिकामे दिसतायत?"

आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे, आणि ज्या पेपरच्या भरवशावर मी ते धोरण लिहिलं त्या पेपरबद्दल. पेपर आहे मिंगहाँग लिन, अ‍ॅडम विअरमन, लॅक्लन अँड्र्यू आणि एनो थेरेस्का यांचा, २०११ च्या इन्फोकॉममधला, 'डायनॅमिक राइट-सायझिंग फॉर पॉवर-प्रपोर्शनल डेटा सेंटर्स'. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण जवळजवळ याच्यावर उभं आहे. त्यामुळे खाली जी टीका येईल ती थोडी स्वतःवरचीही आहे.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. रिकामा सर्व्हर फुकट बसत नाही. २००७ मध्ये गूगलच्या लुइझ बारोसो आणि उर्स हॉल्झलं यांनी एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यात पाच हजारांहून जास्त सर्व्हरची सहा महिन्यांची आकडेवारी आहे. बहुतेक वेळ सर्व्हर १० ते ५० टक्के वापरात असतात आणि काहीच काम नसतानाही कमाल विजेच्या जवळपास निम्मी वीज खातात. मग सरळ प्रश्न पडतो: काम नसेल तेव्हा बंदच का करू नये? हा विचार त्याआधीचा आहे. २००१ मध्ये रटगर्सच्या पिन्हेरो आणि मंडळींनी काम थोड्या मशीनवर गोळा करून बाकीच्या बंद करायचं मांडलं होतं, आणि त्याच वर्षी ड्यूकच्या चेस आणि सहकाऱ्यांनी होस्टिंग सेंटरसाठी तसंच काही. गंमत म्हणजे बारोसो-हॉल्झलं यांचा निष्कर्ष बंद करण्याच्या बाजूने नाही. त्यांचं म्हणणं असं की सर्व्हर पूर्ण रिकामा क्वचितच असतो आणि उठवायला वेळ जातो, म्हणून हार्डवेअरच असं बनवा की काम कमी तर वीज कमी. हे नीट न वाचता 'प्रस्तावनेतला पहिला संदर्भ' म्हणून तो लेख चिकटवणारे पेपर मी डझनभर पाहिलेत. माझा पहिला मसुदाही त्यातलाच होता.

आता बंद करण्याचं गणित. हॉस्टेलवर राहणाऱ्याला हे पटकन कळेल. सायकल भाड्याने वीस रुपये रोज मिळते आणि विकत तीन हजारांना. किती दिवस लागणार हे माहीत नाही. दीडशे दिवस भाडं भरा आणि मग विकत घ्या. कितीही वाईट नशीब असलं तरी भविष्य माहीत असलेल्या माणसाच्या दुपटीपेक्षा जास्त खर्च होत नाही. नोडचंही तसंच. रिकामा चालू ठेवणं म्हणजे भाडं, बंद करून पुन्हा उठवण्याची वीज म्हणजे खरेदी.

आकडे घालून बघू. हे आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत, तुमच्या मशीनचे तुम्ही मोजा. समजा रिकामा नोड १२० वॉट खातो. बंद असताना फक्त देखरेखीची चिप चालू, ८ वॉट. बंद व्हायला १ मिनिट, १३० वॉटने. उठायला ४ मिनिटं, १८० वॉटने. म्हणजे एकदा बंद-चालू केलं की ७,८०० अधिक ४३,२००, एकूण ५१,००० ज्यूल गेले. बंद होण्याचं ते एक मिनिट वगळून उरलेल्या वेळात सेकंदाला ८ ज्यूल जातात हे धरलं, तर रिकामा काळ ४५१ सेकंदांपेक्षा मोठा असेल तरच बंद करणं परवडतं. साडेसात मिनिटं. मग धोरण सोपं: साडेसात मिनिटं वाट बघा, जॉब आला नाही तर बंद करा. स्लर्ममध्ये हा आकडा 'सस्पेंडटाइम' म्हणून एका ओळीत लिहिता येतो. मी तो लिहिला.

लिन आणि मंडळींचा पेपर या एका नोडच्या गणितावर थांबत नाही, आणि तिथेच तो खरा चांगला आहे. त्यांचा प्रश्न: एकूण किती सर्व्हर चालू असावेत, जेव्हा काम दर क्षणाला बदलतं आणि पुढचं काही दिसत नाही? चालू सर्व्हरचा खर्च एक बहिर्वक्र फलन म्हणून घेतात, वीज आणि उशीर दोन्ही त्यात, आणि सर्व्हर चालू करायचा खर्च म्हणून एक स्थिरांक, बीटा. मग ते दोन आकडे काढतात. पहिला: आत्तापर्यंतच्या कामावर सर्वोत्तम उत्तर काढलं, बीटा चालू करताना लावला, तर शेवटी किती सर्व्हर असते? ही खालची मर्यादा. दुसरा: तेच, पण बीटा बंद करताना लावला. ही वरची मर्यादा. अल्गोरिदम एवढाच: सध्याचा आकडा या दोन मर्यादांमध्ये असेल तर हात लावू नका, बाहेर गेला तर जेमतेम आत आणा. आळशी धोरण, आणि नावही तेच, 'लेझी कपॅसिटी प्रोव्हिजनिंग'.

सगळ्यात देखणी गोष्ट पुढे येते. ज्याला सगळं भविष्य माहीत आहे त्याचं सर्वोत्तम उत्तरही अगदी असंच आळशी असतं, फक्त काळात मागून पुढे नाही तर पुढून मागे चालत. त्याच मर्यादा, तोच आळस, दिशा उलटी. या एका निरीक्षणातून सिद्धता सुटते आणि हाती येतं की खर्च सर्वोत्तमच्या तिपटीपेक्षा कधीच जास्त नाही. ही सिद्धता मी वहीत दोनदा स्वतः लिहून काढली. पीएचडीला यायचा विचार करणाऱ्यांना सांगेन, तुम्हीही काढा. एवढी स्वच्छ कल्पना सिस्टिम्सच्या पेपरमध्ये रोज भेटत नाही.

मग भांडण कशाबद्दल? बीटाबद्दल.

लेखक प्रामाणिक आहेत, बीटात काय काय येतं हे ते स्वतः मोजून सांगतात: चालू-बंद करण्याची वीज, कनेक्शन किंवा डेटा हलवण्याचा उशीर, हार्डवेअरची झीज आणि चालू-बंद करण्यातली जोखीम. नुसती वीज आणि उशीर धरला तर बीटा काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत सर्व्हर चालवण्याइतका. झीज धरली तर तासाभराइतका. म्हणजे शेकडो पट फरक, आणि तो सगळा एका ग्रीक अक्षरात गुंडाळलेला. प्रमेयाला काही फरक पडत नाही, बीटा काहीही असो, तीन तो तीनच. पण माझ्या सोळा नोड्सना फरक पडतो. मी साडेसात मिनिटं लिहिली तेव्हा नकळत 'झीज शून्य, जोखीम शून्य' असं लिहून बसले होते.

या घोळाची किंमत आकड्यांत बघा. वरचंच धोरण घ्या आणि समजा नोड दुपारी १५ मिनिटं रिकामा राहिला. ४५१ सेकंद रिकामा जळला, मग बंद, मग जॉब आल्यावर उठला. एकूण १,०८,२३२ ज्यूल. चालूच ठेवला असता तर १,०८,०००. म्हणजे बचत नाहीच, २३२ ज्यूल तोटा. आणि ज्याचा जॉब होता तो चार मिनिटं जास्त थांबला. साडेसात ते पंधरा मिनिटांमधला प्रत्येक रिकामा काळ असाच तोट्यात जातो. 'जास्तीत जास्त दुप्पट' या वाक्याचा अर्थच तो आहे, आपण तो चांगली बातमी म्हणून वाचतो एवढंच.

आता रात्र घ्या, दहा तास रिकामे. साडेसात मिनिटांच्या धोरणाने १.०९ युनिट वाचतात. तेच धोरण पूर्ण एक तास थांबून बंद करणारं केलं तर ०.९९ युनिट. नऊ टक्के कमी, बस. त्या बदल्यात दिवसभरातल्या तासाखालच्या सगळ्या रिकाम्या काळांत कोणाचाच जॉब उठवाउठवीत अडकत नाही. पण सैद्धांतिक गुणोत्तर? एक तासाच्या धोरणाचं सर्वात वाईट गुणोत्तर या आकड्यांवर सहाच्या वर जातं. पेपरात छापायला गेलात तर रिव्ह्यूअर विचारेल, दोनची हमी उपलब्ध असताना सहा का? आणि क्लस्टर चालवणारा माणूस डोळे मिटून सहावालं घेईल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. सर्वात वाईट गुणोत्तर हे प्रत्येक रिकाम्या काळाला सारखाच मान देतं. वीजबिल मात्र मोठ्या काळांवर ठरतं.

जोखमीचं तर विचारूच नका. लिन यांच्या प्रतिमानात काम पाण्यासारखं आहे, कितीही भागांत वाटता येतं. एक सर्व्हर उठला नाही तर दुसरा घेतो. वेब सेवेसाठी ते बऱ्यापैकी खरं आहे, आणि त्यांनी हॉटमेलच्या नोंदींवर तपासलंय. ही त्यांची चूक नाही, त्यांचं शीर्षकच डेटा सेंटरबद्दल आहे. चूक आमची, जे हे उचलून एमपीआयच्या क्लस्टरला लावतो. एमपीआय जॉबला आठ नोड हवे असतील तर आठही हवेत, सात चालत नाहीत. समजा एक नोड शंभरात एकदा नीट उठत नाही. आठ झोपलेल्या नोड्सचा जॉब अडकायची शक्यता जवळपास ८ टक्के. चौसष्ट नोड्स असतील तर ४७ टक्के. दर दुसरा मोठा जॉब! आणि एक टक्का हा काही निराशावादी अंदाज नाही; आमच्याकडे एक नोड उठताना कीबोर्ड सापडत नाही म्हणून काळ्या पडद्यावर कळ दाबायची वाट बघत बसायचा. कीबोर्ड त्याला कधीच नव्हता.

माझी स्वतःची पहिली चूक तर याहून बाळबोध. स्लर्ममध्ये 'रिझ्युमटाइमआउट' नावाचा आकडा असतो: नोडला उठायला किती वेळ द्यायचा. तो तुम्ही लिहिला नाही तर ६० सेकंद. आमचे नोड चार मिनिटं घ्यायचे. मिनिटभरात उत्तर नाही म्हटल्यावर स्लर्म नोडला 'डाउन' ठरवायचा आणि जॉब परत रांगेत टाकायचा. शुक्रवारच्या त्या चाळीस मिनिटांचं रहस्य एवढंच होतं. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. मी पेपर तीनदा वाचला होता, मॅन्युअल एकदाही नाही.

तो आकडा दुरुस्त केला, दहा मिनिटं दिली. वाटलं मिटलं. मग दोन-तीन आठवड्यांनी मला काहीतरी विचित्र दिसलं. नोड्स आधीपेक्षा कमी झोपायला लागले होते, पण खरं काम वाढलं नव्हतं. रांग उघडून पाहिली. एका नोडवर एक जॉब, आत एकच ओळ: स्लीप ७२००. दुसऱ्यावर तसाच. तिसऱ्यावर तसाच.

मुलांनी माझ्या धोरणावर उपाय शोधला होता. जेवायला जाण्याआधी दोन तासांचा झोपाळू जॉब टाकायचा, नोड जागा राहतो, परत आलं की तो मारायचा आणि आपला खरा जॉब लगेच सुरू. ज्याने सुरुवात केली त्याचा थिसिस जमा करायला महिना राहिला होता. एकदा आठ नोड्सचा जॉब रात्रभर दोनदा रांगेत परत पडून सकाळी कोराच मिळाला, तेव्हापासून तो नोड 'धरून' ठेवायला लागला. मी त्याला रागवायला गेले आणि न रागवता परत आले. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

यात एक संशोधनाचा मुद्दा आहे आणि माझ्या मते तो या संपूर्ण साहित्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. जवळजवळ प्रत्येक पेपर आपलं धोरण तपासतो कसं? एखाद्या चालू क्लस्टरच्या जुन्या नोंदी घेतो, कोणता जॉब कधी आला, किती चालला, आणि त्याच नोंदी आपल्या धोरणावर पुन्हा वाजवतो. पण त्या नोंदी अशा क्लस्टरवरच्या आहेत जिथे नोड कायम चालू होते! धोरण बदललं की माणसं जॉब टाकण्याची वेळ बदलतात, आकार बदलतात, नोड धरून ठेवतात, नाहीतर वैतागून लॅपटॉपवर काम करतात. नोंदीतला वापरकर्ता मात्र चार मिनिटं काय, चाळीस मिनिटं थांबला तरी पुढचा जॉब घड्याळाच्या काट्याला टाकतो. असा सोशिक माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हे नवीन नाही. श्मुएली आणि फाइटेल्सन यांनी २००९ मध्ये समांतर प्रणालींच्या शेड्युलरबद्दल नेमका हाच प्रश्न विचारला होता, आपण योग्य वापरकर्त्याचं प्रतिमान घेतोय का. त्याआधी २००६ मध्ये 'ओपन व्हर्सेस क्लोज्ड' हा पेपर आला. आधीचं काम संपल्यावरच नवं काम येतं, की काम बाहेरून येतच राहतं, या एका गृहीतकाने निकाल किती पालटतात हे त्यात दाखवलंय. त्याच्या तीन लेखकांपैकी एक अ‍ॅडम विअरमन. हो, तेच. मला हे कळलं तेव्हा हसू आलं, आणि थोडा धीरही. स्वतःचाच इशारा दुसऱ्या पेपरात बाजूला ठेवावा लागतो, कारण तो आत घेतला तर इतकी स्वच्छ सिद्धता होत नाही. हे गैर नाही. पण पुढच्या माणसाने, म्हणजे मी, तो परत आत आणायला हवा होता.

इथे ऑनलाइन अल्गोरिदमवाले म्हणतील, अहो, सर्वात वाईट परिस्थितीची हमी म्हणजे शत्रू धरूनच केलेली असते, मग वापरकर्त्याने काही केलं तरी हमी टिकते. टिकते, पण ज्या गोष्टीची हमी आहे तिचीच. स्लीप ७२०० हा गणिताच्या नजरेत शंभर टक्के खरा जॉब आहे. भविष्य माहीत असलेला काल्पनिक प्रतिस्पर्धीही त्या जॉबसाठी नोड चालू ठेवणारच. म्हणजे गुणोत्तर झकास, दोनच्या आत, आणि वीज मात्र पहिल्याइतकीच जळतेय. सिद्धतेतल्या शत्रूला गुणोत्तर बिघडवायचं असतं. माझ्या लॅबमधल्या मुलाला फक्त वेळेत जमा करायचं होतं.

एक बाजू मी घाईत सोडतेय, डेटाची. नोडवर फाइलींचे तुकडे असतील, एचडीएफएससारखे, तर बंद करणं वेगळंच प्रकरण होतं. लेव्हरिच आणि कोझिराकिस यांनी सुचवलं, प्रत्येक तुकड्याची किमान एक प्रत असलेला नोड्सचा संच कायम जागा ठेवा. लँग आणि पटेल यांनी २०१० मध्ये उलट सांगितलं: सगळे नोड लावून काम लवकर संपवा आणि सगळे एकदम बंद करा. दोन्ही जोडीने वाचा, गंमत येते. आमच्याकडे डेटा वेगळ्या सर्व्हरवर असल्याने माझ्यावर ती वेळ आली नाही.

आणि गांधी, हार्कोल-बाल्टर, रघुनाथन आणि कोझुक यांचा २०१२ चा 'ऑटोस्केल' जरूर वाचा, लिन यांच्याआधी वाचलात तरी चालेल. सिद्धतेच्या बाबतीत तो गरीब आहे. पण त्यांनी खरे सर्व्हर घेतले, उठायला २६० सेकंद लागतात हे मोजलं, आणि काम कमी क्रमांकाच्या सर्व्हरवर आधी ठासून भरलं म्हणजे उरलेल्यांना लांब रिकामा काळ मिळतो. 'कधी बंद करायचं' यापेक्षा 'रिकामेपणा एका ठिकाणी कसा गोळा करायचा' हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. माझ्या वरच्या आकड्यांत पंधरा मिनिटं आणि दहा तास यांच्यातला फरक पाहिलात, तर तो प्रश्न मोठा का ते लक्षात येईल. स्लर्ममध्ये नोड्सना वेगवेगळं 'वेट' देऊन याची साधी आवृत्ती जमते, कमी वेटचा नोड आधी भरला जातो. मी ते केलं. थांबायची वेळ एक तास केली. चार नोड अपवाद म्हणून लिहिले, ते कधीच झोपत नाहीत. छोटे जॉब तिथेच जातात. नियम लॅबच्या दारावर मराठीत चिकटवला, किती वाजता किती नोड जागे असतील ते. आश्चर्य म्हणजे सगळ्यात जास्त परिणाम त्या कागदाने झाला. स्लीप जॉब दोन आठवड्यांत थांबले.

माझ्या प्रकरणाचं काय? गाईड मॅडमना मी स्लीप जॉबची गोष्ट थोडी घाबरतच सांगितली, कारण मुख्य तक्ता त्याने खोटा नाही तरी पोकळ ठरत होता. त्या म्हणाल्या, "मग तक्त्यात घाल ना ते. वापरकर्ता किती थांबला की नोड धरून ठेवतो, हे प्रतिमानात आण." सध्या तेच चाललंय. बचतीचा रकाना आधीपेक्षा बारीक झालाय, आणि तीनची हमी तळटीपेत गेलीय. सिम्युलेशन पुन्हा चालवायला आठ नोड लागतात. काल रात्री साडेअकराला टाकलं, तेव्हा त्यातले पाच झोपले होते. उठले सगळे, सहा मिनिटं लागली.